न झालेल्या चोरीची तक्रार

वेळशेतच्या तौलनिक प्रतिसाद केंद्रात त्या सकाळी आलेली पहिली तक्रार बाक चोरीला गेल्याची होती. तक्रारदार मधुसूदन बोकारे, वीज खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, मूळचे नागपूरचे. चोरीला गेलेली वस्तू सागवानी, चार माणसं ऐसपैस बसतील एवढी. संशयित म्हणून त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"अख्खं गाव?" केंद्राच्या अधिकारी विभावरी घाग यांनी विचारलं.

"शिमग्याचे दिवस आहेत ना, मॅडम. कोणा एकाचं नाव कसं घेऊ? बाक गेलं होळीच्या माळावर. मी स्वतः पाहून आलो. सगळ्यांत वर ठेवून राहिले ते लोक."

हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की विभावरीने पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. तक्रारदार आनंदी असणं हा काही गुन्हा नाही, पण या केंद्रात ती तांत्रिक अडचण होती.

केंद्राचं सगळं काम एका शोधावर उभं होतं. अन्याय झालेला माणूस ती गोष्ट सांगतो तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं, हे मोजायला शास्त्रज्ञांनी फार उशिरा सुरुवात केली. राग आणि भीती मोजता येत होती. आत रुतून बसलेला सल मात्र दोन्हींपेक्षा वेगळा निघाला. निरोगी माणसाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. सल असलेल्या माणसाने ती गोष्ट सांगायला घेतली की ते अंतर ताठर होतं, बोटांची टोकं गार पडतात आणि आवाजात कानाला न कळणारा कंप येतो. तिन्ही खुणा एकदम दिसल्या की तो सल. राग ओसरला तरी हा राहतो, भरपाई मिळाली तरी राहू शकतो, आणि नेमका प्रतिसाद मिळाला तर काही मिनिटांत जातो. मनगटावर पट्टी बांधून तो शून्य ते शंभर अशा आकड्यात वाचता येऊ लागला. त्या आकड्याला सलांक म्हणत.

आकडा हाती आल्यावर देशादेशांतल्या गुन्ह्यांची तुलना करण्याची रीतच बदलली. तोवर कुठे किती गुन्हे नोंदले गेले आणि किती लोक आत गेले एवढंच मोजलं जाई, आणि त्यातून फारसं काही कळत नसे. जिथे लोकांचा पोलिसांवर विश्वास असतो तिथे तक्रारी जास्त होतात, म्हणून तो देश कागदावर जास्त चोरटा दिसतो. जिथे कोणी ठाण्याची पायरी चढत नाही तो साधुसंतांचा देश ठरतो. सलांकाने प्रश्न बदलला. शिक्षा होऊन गेल्यावर, ज्याचं गेलं त्याच्या मनात किती उरलं? जगभरचे कायदे, पंचायती, दंड आणि माफी मागण्याच्या रीती, आणि त्यानंतरचे सलांक, असं सगळं एका संगणक प्रणालीला शिकवलं गेलं. किरकोळ गुन्हा घडला आणि दोन्ही बाजू राजी असल्या की ती जगातून त्यांना लागू पडेल असा प्रतिसाद शोधून देई. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. वेळशेतमध्ये तिला तराजू म्हणत.

तराजूचं गावात बरं चाललं होतं. शहाळी चोरणाऱ्या एका तरुणाला त्याने जपानी रीत सुचवली. घरच्यांना घेऊन जायचं, कमरेत वाकून माफी मागायची, नुकसान भरून द्यायचं. वाकलेल्या सहा माणसांना पाहून बागेचा मालक इतका ओशाळला की त्याने सगळ्यांना जेवायला बसवलं. बंदरावर गाडी आडवी लावणाऱ्या हॉटेलमालकाला फिनलंडप्रमाणे उत्पन्नाच्या हिशेबात दंड लागला. दंड वाचवण्यासाठी त्याने आपलं उत्पन्न किती कमी आहे हे चारचौघांत सिद्ध केलं, आणि मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. विहिरीच्या भांडणात न्यूझीलंडसारखी दोन्ही घरच्या माणसांची एकत्र बैठक झाली. बैठक सुरू झाली तेव्हा भांडणारी कुटुंबं दोन होती. संपली तेव्हा चार. पण अशा चुका थोड्या होत्या.

विभावरीने बोकाऱ्यांच्या मनगटावर पट्टी बांधली आणि हकिगत पुन्हा सांगायला लावली. त्यांनी ती पहिल्यापेक्षा रंगवून सांगितली. सलांक शून्य आला. तिने पट्टी बदलली. तरी शून्यच. मग ती पट्टी स्वतःच्या हाताला बांधून तिने आपल्या रखडलेल्या बढतीचा विचार केला. चौतीस. म्हणजे पट्टी ठीक होती.

पडद्यावर तराजूची ओळ उमटली: 'तक्रारदार प्रसन्न आहे. चोरी झाल्याची खात्री करावी.'

तिने पडदा स्वतःकडे वळवून घेतला. "साहेब, तुम्हाला नेमकं काय हवं आहे?"

"नोंद," बोकारे म्हणाले. "बोकाऱ्यांच्या घरून वेळशेतच्या पोरांनी बाक चोरलं, एवढी नोंद व्हावी. बस. शिक्षा वगैरे काही नको जी." उभी नोकरी त्यांनी एका नियमावर काढली होती. ज्याची नोंद नाही ते घडलेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दत्ताराम भुवड आले. वय सत्तरीपलीकडे, अंगात बंडी, होळीचे मानकरी. बरोबर गावातले चार तरुण होते. त्यांच्यातला बोलका निशांत, दत्तारामांचा पुतण्या, बंदरावर ड्रोन दुरुस्तीचं दुकान चालवणारा.

कोकणातल्या शिमग्याची विभावरीला वेगळी माहिती करून घ्यायची गरज नव्हती. ती घागांच्या वाडीतच वाढली होती. फाल्गुन पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत तरुणांनी गावातून लाकूड चोरायचं. मोडकी खाट, जुनं दार, होडीची फळी, कुंपणाचे खांब, हाताला लागेल ते. त्याचे नियम पक्के होते. चोरी हातानेच करायची. ड्रोनने उचललेलं लाकूड होळीला चालत नाही. वस्तू माळावर पोचली की मालकाने परत मागायची नाही. मालकाने फक्त शिव्या घालायच्या, आणि चोरांनी त्या उलट उत्तर न देता ऐकायच्या. दोन घरं सोडायची: ज्या घरी सुतक आहे ते, आणि परक्याचं.

"आमी नाय चोरलं," दत्ताराम बसताबसता म्हणाले.

"काका, बाक माळावर आहे."

"हाय ना. पण आमी नाय ठेवलं. चोरलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. शिमग्यात चोरी करून नाय म्हणायचं म्हणजे काय, आईबाप काढल्यासारखं झालं."

"आणि ताई, ते गेलं भर दुपारचं," निशांत म्हणाला. "सकाळी माळावर नव्हतं, चारला होतं. दुपारी या गावात कोण चोरी करतं? दुपारी आमी झोपतो."

"पुसलेलं होतं," दुसरा एक जण म्हणाला.

"काय?"

"बाक. फडक्यानं पुसून ठेवलेलं. पायसुद्धा. चोर कधी धूळ झटकतो काय?"

भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या बोकाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या हातावरची पट्टी शून्यच दाखवत होती. उलट आरोपींचे सलांक साठच्या पुढे गेले होते आणि दत्तारामांचा बहात्तरवर होता. चोरांना सल आणि मालकाला समाधान, हा प्रकार तराजूच्या शिकवणीत नव्हता. त्याने तिकडे दुर्लक्ष केलं आणि नेहमीप्रमाणे जग धुंडाळून प्रतिसाद मांडले. नियमाप्रमाणे विभावरीला ते वाचून दाखवणं भाग होतं.

"फिनलंड. रोजच्या उत्पन्नाच्या प्रमाणात दंड."

"माझं उत्पन्न कायच नाय," दत्ताराम म्हणाले. "चांगला देश दिसतो."

"जपान. घरच्यांसह जाऊन माफी."

"न केल्याची माफी मागितली तर आई मला घरात घेणार नाय," निशांत म्हणाला.

"न्यूझीलंड. दोन्हीकडच्या नातेवाइकांची बैठक."

"एका बाजूला सगळं गाव बसेल. समोर कोण? साहेब आणि बाई?"

हे निशांतने सहज म्हटलं. बोकाऱ्यांच्या पट्टीवरचा आकडा हलला. सहा झाला.

"नॉर्वे," विभावरीने पुढे वाचलं. "तिथे कैद्यांना कामधंदा शिकवण्यावर भर आहे. तराजू म्हणतो, तुम्हाला सुतारकाम शिकवावं. तुम्ही नवं बाक बनवून द्यायचं."

"आणि पुढच्या शिमग्याला ते चोरायचं," एक जण म्हणाला. चौघेही हसले. बोकारेही हसले, जरा जास्तच मोकळेपणी, आणि त्यांच्याकडे पाहून चौघे गप्प झाले. साहेबांसमोर इतकं हसणं त्यांना बरं वाटलं नसावं.

दत्ताराम उठले. "साहेब, बाक परत न्या. पोरं आणून देतील. जे चोरलेलं नाय ते होळीत पडणार नाय."

"अहो, असं कसं?" बोकारे ताडकन उभे राहिले. "एकदा माळावर गेलेली वस्तू परत येत नाही. तुमचाच नियम आहे ना हा?"

"चोरलेली येत नाय. ही चालत आलेली हाय."

"पण मी तक्रार मागे घेतो. कोणी काही केलं नाही, कोणाला शिक्षा नाही. जाळून टाका बाक!"

"तुमची चांगली वस्तू आमी कशाला जाळू? तुमी मोठी माणसं. तुमच्या वस्तूला गावाकडून धक्का लागणार नाय, हा माझा शब्द." दत्तारामांनी हात जोडले. त्यांच्या बाजूने हा सगळ्यांत मोठा आदर होता.

विभावरीने पट्टीकडे पाहिलं. चाळीस, साठ, एक्याऐंशी. केंद्र सुरू झाल्यापासून एवढा सलांक तिने एकदाच पाहिला होता, भावाने जमीन लाटलेल्या माणसाचा.

तराजूने लिहिलं: 'तीव्र सल. कारण: वस्तू परत मिळाली. जगात समान प्रकरण आढळत नाही.'

*

संध्याकाळी ती बोकाऱ्यांच्या घरी गेली. घर गावाच्या टोकाला, निळ्या लाकडी फाटकाचं. फाटकाशेजारी पाटी होती: 'ही जागा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली आहे.' बाक परत येऊन ओटीवर बसलं होतं. आतल्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली दिसत होती.

शैलजाबाईंनी तर्रीपोहे पुढे केले आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "बाक यांनीच नेलं. तुम्हाला कळलंच असेल."

"अंदाज होता. पण काकू, ते बाक एकट्याने उचलत नाही."

"एकट्यानं कसं उचलेल? सासऱ्यांनी घडवून घेतलेलं अस्सल सागवान आहे ते. दुसरं टोक मी धरलं." त्या म्हणाल्या. "भर उन्हात, पदर खोचून. वाटेत दोनदा खाली ठेवलं. माळावर गेल्यावर मीच म्हटलं, थांबा, पुसून ठेवू. लोक काय म्हणतील?"

बोकारे पोह्यांच्या बशीत पाहत होते.

"तुम्ही इतके दिवस गावात आहात," विभावरी म्हणाली. "कोणी काही वाईट बोललं का?"

"कोणी वाईट बोलत नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "तेच तर म्हणून राहिले मी. या गावात लोक सख्ख्या भावाला अंगणातून शिव्या घालतात आणि संध्याकाळी त्याच्याच घरी मासे पाठवतात. आम्हाला सगळे साहेब आणि बाई. कार्यक्रमात पहिल्या रांगेत खुर्ची. पहिल्याच वर्षी यांनी ती पाटी लावली, नागपूरच्या सवयीनं. दोन शिमगे गेल्यावर कळलं की आजूबाजूच्या प्रत्येक घरचं काहीतरी जातं आणि आमचंच तेवढं जात नाही. मग यांनी कॅमेरा बंद केला. फाटक उघडं ठेवू लागले. बाहेर सरपण रचून ठेवलं. एका वर्षी तर शिडी ठेवली."

"नवी शिडी," बोकारे पहिल्यांदा बोलले. "पावसात सडली, पण कोणी हात नाही लावला तिला."

"आमचं ठरलं आहे. याही होळीला नाही झालं काही, तर पौर्णिमा उलटली की नागपूर. तिथे निदान परके तरी नाही आपण." त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. "तुम्हीच का नाही सांगत त्या पोरांना? तुम्ही त्यांच्यातल्या आहात."

"सांगून केलेली चोरी म्हणजे मदत झाली, काकू. मदत तर ते केव्हाही करतील."

बोकाऱ्यांनी मान डोलावली. हे त्यांना आधीच कळलेलं होतं. "तुमच्या तराजूला विचारा ना. एवढ्या जगात कुठे तरी असा माणूस असेल. ज्याच्याकडे चोरी झाली नाही म्हणून जीव खालीवर होऊन राहिला."

"असेल. पण तराजूला तो माहीत नसणार. चोरी झाली नाही अशी तक्रार कोणत्याच देशात कोणी करत नाही. जे कोणी सांगत नाही ते त्याला दिसत नाही." आणि हे म्हणताना तिला आठवलं की वेळशेतच्या शिमग्यातली एकही चोरी तराजूला दिसत नव्हती, कारण दर वर्षी त्या खान्यात तिने स्वतः शून्य भरलं होतं. जगाच्या तक्त्यात शिमग्यापुरतं तिचं गाव साधुसंतांचं होतं.

*

केंद्रात परतल्यावर तिने तराजूला उलटा प्रश्न विचारला. कोणता प्रतिसाद उत्तम ठरेल हे सगळेच विचारत. तिने विचारलं, अशा गावात, सणाच्या दिवसांत, कोणता प्रतिसाद सगळ्यांत वाईट आपटेल?

तराजूने थोडा वेळ घेतला. असा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता. मग उत्तर आलं: 'संरक्षण आदेश. विशिष्ट घराच्या वस्तूला हात लावण्यास मनाई. एकजुटीच्या आणि वादप्रिय वस्तीत तो मोडला जाण्याची शक्यता जवळपास निश्चित. शिफारस नाही.'

विभावरीने आदेश लिहायला घेतला. तराजूने दोनदा सावध केलं. तिने दोनदा 'पुढे जा' दाबलं.

सकाळी आदेश माळावरच्या आंब्याला चिकटवलेला होता. 'मधुसूदन बोकारे यांच्या आवारातील कोणत्याही लाकडी वस्तूस पौर्णिमेपर्यंत कोणीही हात लावू नये. आवारातील कॅमेरा चालू ठेवण्यात यावा. बोकारे कुटुंब या गावात पाहुणे असून त्यांना स्थानिक शिमग्याचा उपद्रव होणार नाही याची दक्षता ग्रामस्थांनी घ्यावी.'

पाहुणे हा शब्द लिहिताना तिला जरा वेळ लागला होता.

पहिला फोन बोकाऱ्यांचा आला. "मॅडम, हे काय करून ठेवलं तुम्ही? इतके दिवस नुसता परका होतो, आता सरकारी शिक्क्यानिशी झालो! मी टेम्पो सांगून टाकला. परवा सकाळचा." त्यांचा आवाज कापत होता, आणि तो ऐकायला पट्टीची गरज नव्हती. विभावरीने फक्त 'हो' म्हटलं. खरं सांगितलं तर तेही संगनमत झालं असतं. तिच्या सगळ्या गणितात एकच धोका होता. जन्मात कोणाचं न ऐकलेलं गाव नेमकं याच वेळी ऐकेल.

दुपारी, झोपेच्या वेळेत, दत्ताराम केंद्रात आले. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"विभे, हे तू लिहिलंस?"

"केंद्राने लिहिलं, काका."

"केंद्राला म्हणावं, पाहुणा कोण ते गाव ठरवतं. सरकार नाय. तो माणूस इतकी वर्षं हितं राहतो, माझ्या नातीला गणित शिकवतो, देवळाची लाइट फुकट नीट करून देतो. पाहुणा?"

"मग आतापर्यंत तुम्ही त्यांच्या घरचं काही उचललं का नाही?"

"त्याची पाटी हाय ना. त्याला नको असेल तर कशाला? आमी अडाणी हाव काय, कोणाच्या मनाविरुद्ध चोरी करायला?"

"बरोबर आहे. मग आदेश पाळायला काही अडचण नाही."

"अडचण हाय! न करणं आमच्या मनात होतं तोवर ठीक. तू कोण करू नका म्हणणारी?" त्यांनी काठी टेकली. "मोडला तर काय होतं?"

"मला नोंद करावी लागेल."

"मोठी?"

"वरपर्यंत जाईल."

दत्तारामांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "घागांची पोर," ते म्हणाले आणि निघाले. दाराबाहेर गेल्यावर ते हसले की खोकले, हे तिला ठरवता आलं नाही.

*

होळीच्या सकाळी शैलजाबाईंचा फोन आला. "या. लवकर या."

निळं फाटक नव्हतं. बिजागऱ्या तेवढ्या खांबांना लटकत होत्या. खांबही दोनातला एकच होता. कुंपणाच्या फळ्या गेल्या होत्या, कपडे वाळत घालायची काठी गेली होती, कॅमेऱ्याच्या देखरेखीची पाटी गेली होती. कॅमेरा जागेवर होता. ओटीवरचं बाकही जागेवर होतं. त्याला कोणी हात लावला नव्हता.

आत बोकारे चित्रफीत पाहत होते. तिसऱ्यांदा. चोरांनी तोंडं झाकली नव्हती. निशांत फाटकाचा एक पल्ला डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याकडे पाहून हसत होता. सगळ्यांच्या शेवटी दत्ताराम आले, पाटी काढून काखेत मारली, कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि गेले.

"फाटक नवंच होतं," बोकारे म्हणाले. "मागच्या दिवाळीत रंग दिला होता." त्यांनी आपणहून हात पुढे केला. विभावरीने पट्टी बांधली. एक्याऐंशीचा शून्य झाला होता.

"तक्रार नोंदवायची आहे?" तिने विचारलं.

"तक्रार कशाची? तक्रार परके लोक करतात." ते उठले. "मले शिव्या घालायच्या आहेत."

फाटक जिथे होतं तिथे ते जाऊन उभे राहिले. समोरच्या रस्त्यापलीकडे भुवडांच्या पडवीत दत्ताराम आणि चौघे तरुण बसलेले होते. रीतसर वाट पाहत होते. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. बोकाऱ्यांनी छाती भरून घेतली.

"हे योग्य नाही!" ते ओरडले.

दत्तारामांनी निराश होऊन मान हलवली.

"आपलं हे वर्तन अत्यंत..." बोकारे थांबले. उभी नोकरी कार्यालयीन भाषेत गेलेली. सगळं गाव आता त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि फाटक गेलेलं असूनही सगळं हातातून जायची वेळ आली होती.

मागून शैलजाबाई आल्या. "काय बोलून राहिले तुम्ही हे? सभा आहे का? तुमच्या बापाला आठवा. शेजाऱ्यानं आंबे पाडले की काय म्हणायचे?"

बोकाऱ्यांनी डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या गल्लीतून, दोन पिढ्यांपलीकडून आलं होतं.

"अबे चोट्टेहो! बयताडांनो! फुकटखाऊ कुठले! माझं फाटक नेता का बे? दत्तोबा, मसणात गवऱ्या गेल्या तुमच्या आणि पाट्या कसल्या चोरता? अन् तू रे निशांत्या, गणितात नापास होणारा गधा, तुझ्या मायनं तुले..."

पुढचं इथे छापता येण्यासारखं नाही. ते बराच वेळ चाललं, आणि बोकारे अडले तिथे शैलजाबाईंनी शब्द पुरवले. पडवीत दत्ताराम डोळे मिटून, मांडीवर ताल धरल्यासारखे बोट हलवत, भजन ऐकावं तसे ऐकत होते. "चोट्टे," ते निशांतला हळूच म्हणाले. "हा शब्द आपल्याकडं नव्हता. चांगला हाय."

विभावरीने केंद्रात येऊन नोंद केली. आदेश मोडला. वेळशेतमध्ये शिमग्यातल्या चोऱ्या: एक. शून्याच्या रांगेत तो आकडा पडद्यावर ठळक दिसत होता. तराजूने हिशेब केला आणि कळवलं की त्याच्या इतिहासात कोणत्याही देशातल्या कोणत्याही प्रतिसादाने एवढा सल इतक्या लवकर उतरवला नव्हता. निष्कर्ष: संरक्षण आदेश मोडला गेल्यास अत्यंत परिणामकारक. हा उपाय इतर देशांना सुचवण्याची परवानगी आहे का?

तिने 'नाही' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. तो रद्द करायचं बोकारे विसरले होते. चालक नसलेला, स्वतःच रस्ता शोधणारा टेम्पो. मागणी नोंदवताना घराची खूण म्हणून निळं फाटक आणि शेजारची पाटी दिलेली होती, आणि खूण कॅमेऱ्याला दिसल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही, अशी त्याला शिकवण होती. त्याने गावाला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत तो बिनफाटकाच्या एका अंगणासमोर थांबला. ओटीवर सागवानी बाक होतं, त्यावर दोन म्हातारे बसून चहा पीत होते.

"माफ करा," टेम्पो नम्र आवाजात म्हणाला. "निळं फाटक आणि कॅमेऱ्याची पाटी असलेलं घर कुठे आहे?"

दत्तारामांनी बशीतला चहा संपवला. "या गावात असं घर नाय."

टेम्पोने खात्रीसाठी कॅमेरा दुसऱ्या म्हाताऱ्याकडे वळवला.

"नाही बे," बोकारे म्हणाले. "मी इथलाच आहे. कधी पाहिलं नाही."